राजहंसाची पिल्लं, करडं आणि शाळूचे फुटवे : जनावरांना विषारी झाडांपासून कसं सांभाळावं

राजहंसाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की चार-पाच दिवसांत गवताची पाती ओढायला लागतं. कोंबडीची पिल्लं दाणे टिपतात, किडे उकरतात. राजहंस जातीनेच चरणारा पक्षी आहे. म्हणून तो पाळायला स्वस्त पडतो, आणि म्हणूनच विषारी पाल्याचा धोका त्याला शेळीच्या करडाइतकाच असतो.

कराडजवळ कृष्णाकाठी आमचं थोडं रान आहे. तिथे मी पहिल्यांदा राजहंसाची आठ पिल्लं खुडूक कोंबडीखाली काढली. एका संध्याकाळी कुंपणाची कण्हेर छाटली आणि फांद्या सकाळी उचलू म्हणून तिथेच ठेवल्या. सकाळी दोन पिल्लं मेलेली होती, तिसरं मान टाकून बसलं होतं, तेही दुपारी गेलं. कोमेजलेल्या पानांवर चोचीच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. तेव्हापासून या विषयात मी जे शिकलो, गुराख्यांना आणि डॉक्टरांना विचारून जे गोळा केलं, ते इथे क्रमाने मांडतो.

"जनावराला कळतं, ते विषारी खात नाही," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. भरल्या पोटाच्या, त्याच रानात वाढलेल्या म्हशीबद्दल हे बरंचसं खरं आहे. पण पोट रिकामं असेल, रान नवं असेल, वय कोवळं असेल किंवा पाला कोमेजून त्याचा उग्र वास गेला असेल, तर जनावराची पारख चालत नाही. पुढची सगळी काळजी या चार प्रसंगांसाठी आहे.

पहिलं काम : चरायच्या जागेची फेरी

जनावर सोडण्याआधी त्या जागेवरून स्वतः पायी फिरा. हातात विळा आणि एक पोतं घ्या. पिल्लांसाठी जागा बघायची असेल तर खाली बसून बघा, कारण उभ्याने वीतभर उंचीची रोपं नजरेतून सुटतात. वर्षातून निदान तीन फेऱ्या हव्यात: मृगाच्या पावसानंतर पंधरा दिवसांनी, दिवाळीनंतर, आणि वळवाचा पाऊस पडून गेल्यावर.

रानाच्या मधोमध सहसा काही सापडत नाही. सापडतं ते कडेला: कुंपणात, बांधावर, कॅनॉलच्या चारीत, उकिरड्याच्या भोवती, पडक्या घराच्या जोत्यावर. देवळाच्या आवारात पूजेच्या फुलांसाठी कण्हेर हमखास लावलेली असते. हमरस्त्याच्या दुभाजकातही तीच असते, आणि छाटणी झाली की ढीग रस्त्याकडेला पडतात. मेंढरं रस्त्याने न्यायची असतील तर तेवढा टप्पा चारून न नेता हाकत न्यावा.

ही झाडं ओळखायला शिका

कण्हेर सगळ्यांत आधी, कारण तिच्यात चुकीला जागा नाही. पांढरी, लाल आणि पिवळ्या फुलांची बिट्टी, तिन्ही विषारी. विष सरळ हृदयावर चालतं. दहा-वीस पानं मोठ्या गाईला पुरतात, मग मूठभर पिल्लाची काय कथा! पानं वाळली तरी विष तसंच राहतं. छाटणी केली की त्याच तासाला फांद्या उचला आणि खोल खड्ड्यात पुरा. जाळू नका, तिचा धूरही बाधतो.

घाणेरी, म्हणजे टणटणी, अजिंक्यताऱ्याच्या उतारापासून पाटणच्या डोंगरापर्यंत सगळीकडे माजली आहे. हिचं विष यकृतावर जातं. जनावर वैरण सोडतं, शेण घट्ट होतं, डोळे पिवळे पडतात. मग ते ऊन टाळायला लागतं. काळ्या-पांढऱ्या संकरित गाईत हे फार स्पष्ट दिसतं: पांढऱ्या ठिपक्यांची कातडी उन्हाने भाजल्यासारखी फाटते, काळी तशीच राहते. नाकपुड्याही सोलतात. असं जनावर लगेच अंधाऱ्या गोठ्यात घ्यायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. कोठ्याची हालचाल मंदावल्यामुळे खाल्लेला पाला पोटातच राहतो आणि विष झिरपत राहतं, म्हणून "दोन दिवस बघू" हे इथे महागात पडतं.

बेशरम कॅनॉलच्या काठाने वाढते आणि उन्हाळ्यातही हिरवी असते, तोच तिचा धोका. शेळ्यांना तिची सवय लागते. आठवडेच्या आठवडे खाल्ल्यावर त्या झिजतात, मागचे पाय लटपटतात. ही सवय लवकर तोडली तर सुधारतात, उशीर झाला तर नाही.

एरंडाच्या बिया आणि लाल-काळी गुंज यांची भीती पक्ष्यांसाठी जास्त वाटते. चमकदार गोष्टीवर पिल्लू चोच मारतंच. बीचं कवच फुटलं की विष सुटतं, आणि पक्ष्याच्या पोटातले खडे दळण्याचंच काम करतात. गुंजेचा वेल कुंपणात दिसला तर शेंगा तडकायच्या आधी काढून टाका. धोतऱ्याला जनावर वासामुळे टाळतं, पण त्याच्या बिया धान्यात मिसळल्या तर टाळू शकत नाही. पाटण, जावळी, शिराळ्याच्या पावसाळी भागात कळलावी फुलते. वेलाचा प्रत्येक भाग विषारी, जमिनीतला कंद सर्वांत जास्त.

गाजर गवत पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आता त्याच्याशिवाय बांध दिसत नाही. त्याने जनावर चटकन मरत नाही, पण दूध कडू होतं आणि कातडीवर पुरळ उठतो. फुलावर यायच्या आत, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा.

शाळूचे फुटवे : इथे सर्वांत जास्त लक्ष द्या

सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत जनावरं विषाने दगावतात त्यात रानटी झाडांइतकंच आपल्याच पिकाकडे बघायला हवं. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. धाटं कापलेलं रान मोकळं पडतं. एप्रिल-मेमध्ये वळीव पडला की खोडव्यांना हिरवे, लुसलुशीत फुटवे येतात. माण, खटाव, जत, आटपाडीकडे त्या दिवसांत दुसरं हिरवं काहीच नसतं. खिल्लार बैल असो की माडग्याळी मेंढी, दोन महिने कोरडी वैरण खाल्लेलं जनावर त्यावर तुटून पडतं, आणि घटकाभरात कोसळतं. याला जुनी माणसं किराळ लागणं म्हणतात.

हे का होतं ते समजलं तर नियम आपोआप लक्षात राहतात. ज्वारीच्या कोवळ्या पानात सायनाइड बांधलेल्या रूपात असतं, आणि ते मोकळं करणारं द्रव्य पानातच पण वेगळं साठवलेलं असतं. पान चावलं, तुडवलं किंवा कोमेजलं की दोन्ही एकत्र येतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठ्यात हे काम आणखी वेगाने होतं. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीर तो वापरू शकत नाही. म्हणून रक्त लालभडक दिसतं. जनावर धापा टाकतं, तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं, पडतं. कधी सगळं मिळून अर्धा तासही लागत नाही.

तेव्हा फुटव्यांच्या रानात जनावर सोडायचंच नाही. कडवळ किंवा ज्वारी हिरवी चारायची असेल तर फुलोऱ्यात आल्यावरच कापा. पावसाने ओढ दिल्यामुळे खुरटलेली आणि युरिया टाकलेली ज्वारी जास्त घातक असते, मग तिची उंची काहीही असो. कापून उन्हात खडखडीत वाळवली की विष उडून जातं. म्हणूनच कडबा निर्धास्त खाऊ घालता येतो. अर्धवट कोमेजलेली मात्र ताज्याइतकीच वाईट. रान नांगरून टाकणं शक्य असेल तर वळवाआधीच नांगरा. आणि शेजारच्या रानात कुणाचा मेंढरांचा कळप बसला असेल, तर कुठल्या रानात फुटवे आहेत हे त्यांना आपणहून जाऊन सांगा.

याच्याशी गल्लत होते ती नायट्रेटच्या विषबाधेची. उकिरड्यावर उगवलेला माठ, काटेमाठ किंवा भरपूर युरिया दिलेला मका खाऊन ती होते. लक्षणं बरीच सारखी, पण रक्त कॉफीसारखं तपकिरी दिसतं आणि औषध पूर्ण वेगळं असतं. वाळवल्याने हे विष जातही नाही. डॉक्टरांना फोन करताना हिरड्यांचा आणि रक्ताचा रंग सांगितलात तर त्यांचा मोलाचा वेळ वाचतो.

पिल्लांचं चरण कसं बसवावं

पहिले चार आठवडे राजहंसाची पिल्लं मोकळी सोडू नयेत. हलवता येईल असं जाळीचं खुराडं करा आणि रोज नव्या गवतावर सरकवा. जागा स्वच्छ हरळीची निवडा. खुराडं कुंपणापासून दोन हात तरी लांब ठेवा, कारण मान जाळीतून बाहेर काढून हा पक्षी पलीकडचं खातो. आमच्याकडे उरलेल्या पिल्लांनी हे करून दाखवलं तेव्हा ते कळलं.

सकाळी आधी भरडा द्या, मग गवत. भुकेलं पिल्लू निवड करत नाही. लांब, जून गवत त्यांच्या गळ्यात अडकून गोळा होतो, तेव्हा ते बारीक कापून द्या आणि शेजारी जाडसर वाळू व प्यायचं पाणी ठेवा. साचलेल्या डबक्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा तवंग आला असेल तर तिकडे पक्षी फिरकू देऊ नका. तसलं शेवाळ स्वतःच विषारी असू शकतं.

भरड्यात शेंगदाणा पेंड वापरत असाल तर बुरशीचा वास येतो का बघा. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. बदकाची पिल्लं तर या विषाला फारच नाजूक. अशी पेंड मोठ्या जनावराला "चालेल" म्हणून टाकणंही चूकच.

वैरण आणि फवारणी

कुट्टी यंत्राने वैरण वाया जात नाही, पण जनावराची निवडही संपते. अख्ख्या पेंढीतलं नको ते झाड गाय बाजूला सारते; कुट्टीत ते मिसळून जातं. विकतची पेंढी सोडून, झटकून, नजरेखालून घालून मगच यंत्रात घाला.

उसाचं वाढं, म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा, आपल्या पट्ट्यात गळीत हंगामभर फुकट किंवा स्वस्त मिळतं. त्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने नुसतं वाढं घातलं तर दूध घटतं, हाडं कमजोर होतात. कडबा आणि लसूणघास जोडीला द्या, वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, खनिज मिश्रण चुकवू नका. सुबाबळीचा पाला चांगला आहे, पण एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागांतलं गवत मेंढरांना देऊ नये. तिथे फवारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं, म्हणजे तांबं, आणि तांब्याला मेंढी गाईपेक्षा कितीतरी हळवी आहे. ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस मेंढी लाल लघवी करून मरते. तणनाशक मारलेला बांधही पूर्ण वाळेपर्यंत बंद ठेवा. कोमेजणारी झाडं जनावरं उलट आवडीने खातात.

लागलंच तर

बाकीची जनावरं शांतपणे त्या रानातून बाहेर काढा. आजारी जनावराला पळवू नका, सावलीत उभं किंवा पोटावर बसलेलं ठेवा. लगेच १९६२ या क्रमांकावर फोन करा, तो फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक आहे. जवळचा सरकारी दवाखाना असेल तर तिथेही माणूस पाठवा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. किराळीवर शिरेतून द्यायची औषधं आहेत आणि ती वेळेत मिळाली तर पडलेलं जनावरही उठतं.

तोवर बाटलीने ताक, तेल, मिठाचं पाणी पाजू नका. झोकांड्या खाणाऱ्या जनावराचं पाजलेलं फुप्फुसात जातं, आणि विषाने वाचलेलं त्याने मरतं. खाल्लेल्या झाडाची फांदी, फूल, शेंग, जमलं तर मुळासकट पिशवीत घ्या. किती वाजता सोडलं, किती वाजता लक्षण दिसलं, हे लिहून ठेवा. राजहंसाचं पिल्लू झोकांडत असेल, मान पेलत नसेल, कळपामागे चालत नसेल तर वेगळं काढून उबेत ठेवा आणि पाल्यासकट दवाखान्यात न्या.

जनावर दगावलं तर शवविच्छेदन मागा, बाकीची वाचवायला त्याचाच उपयोग होतो. पण नाका-गुदातून काळपट रक्त येत असेल तर स्वतः हात लावू नका, कातडं काढू देऊ नका. ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकते, आणि ती माणसालाही होते.

वाचलेलं जनावर आठ-दहा दिवस तरी त्या रानात परत नेऊ नका आणि त्याच काळात ते झाड काढून टाका. बेशरमची सवय लागलेली शेळी तर दाव्यावरच ठेवावी लागते. आमची कण्हेर त्याच आठवड्यात मुळासकट खणून काढली. तिथे आता शेवरी आहे. पाला शेळ्या खातात, आणि खाली सांडेल त्यावर पाच राजहंस चरतात.