जिनिंगमधलं काळं ऑइल कायद्यानं कसं पाठवायचं

कापसाची आवक थांबली की जिनिंगवाले, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखानेवाले, पहिले मेंटेनन्स काढतात. प्रेसच्या टाकीतलं हायड्रॉलिक ऑइल बदलतं, गिअरबॉक्सचं निघतं, डीजी सेटचं (डिझेल जनरेटरचं) निघतं अन् शेडच्या मागं काळ्या ऑइलचे तीन-चार ड्रम उभे राहतात. वणीकडल्या आमच्या भागातले दोन-तीन छोटे युनिटवाले दरवर्षी उन्हाळ्यात फोन करून विचारतात की याचं करायचं काय, म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहून राह्यलो.

आपल्याकडे काळं ऑइल म्हणजे कामाची वस्तू. गोठ्याच्या खांबाला उधई लागू नये म्हणून मारायचं, बंडीच्या आसाला लावायचं, उरलं तं भंगारवाल्याला द्यायचं. आम्हीही बरीच वर्षं तेच केलं, रोख पैसे भेटत होते. मग एका पावसाळ्यात गावातले पोट्टे सांगत आले की नाल्यात ड्रम पडून आहे. जाऊन पाहतो तं पाण्यावर रंगीत तवंग, काठचं गवत काळं, खालच्या वावरातले बैल पाण्याला तोंड लावत नव्हते अन् ड्रमवर पांढऱ्या रंगानं आमच्याच युनिटचं नाव. ज्यानं ड्रम नेला त्याचा फोन बंद. त्या दिवशी समजलं की माल गेटच्या बाहेर गेला म्हणजे आपण सुटलो असं नसते. घातक कचऱ्याचे २०१६ चे जे नियम आहेत त्यातही तेच आहे, नीट विल्हेवाट झाली नाही अन् नुकसान झालं तं ज्याच्याकडं कचरा तयार झाला त्यालाही भरपाई द्यावी लागते.

तं सुरुवात आपल्या कागदापासून करा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कन्सेंट (युनिट चालवायचं संमतिपत्र) काढून त्यात घातक कचऱ्याचं ऑथरायझेशन, म्हणजे परवानगी, आहे का, वापरलेलं ऑइल त्या नियमांच्या यादीतल्या ५.१ या नंबरखाली लिहिलं आहे का, वर्षाला किती अन् कुठं द्यायचं हे पहा. नसेल तं पहिले ऑनलाइन अर्ज करून ते घ्या, त्याशिवाय पुढचं काहीच कायदेशीर होत नाही. ऑइल पुसलेल्या चिंध्या, कॉटन वेस्ट यांचा नंबर वेगळा, ३३.२. ते ऑइलसोबत जात नाही, आपल्या विदर्भात बुटीबोरीला सामायिक विल्हेवाट केंद्र आहे तिथं त्याची मेंबरशिप घ्यावी लागते. अन् बाप्पा, त्या ऑइली चिंध्या रुईच्या ढिगाजवळ एक रात्रही ठेवू नका, झाकणाचा लोखंडी डबा करा. डीजीच्या बॅटरीचे नियम वेगळे, २०२२ चे, ती नवीन घेताना डीलरला परत द्या.

कचरा साठवायला ९० दिवस भेटतात. वर्षाला १० टनापर्यंत कचरा असलेल्या छोट्या युनिटला मंडळ १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते पण ते मागून घ्यावं लागते, आपोआप नाही. माझं म्हणणं असं की मृग लागायच्या आत ड्रम हलवाच, एकदा पाणी सुरू झालं की शेडमधलं गळलेलं ऑइल सरळ नाल्याला लागते. तोवर ड्रम सिमेंटच्या फरशीवर, कडेनं वीतभर कठडा, वर पत्रा. ड्रम गळ्यापर्यंत भरू नका, चार बोटं जागा सोडा, आपल्याकडच्या मे महिन्यात ऑइल फुगते अन् बुचातून पाझरते. बुच लावल्यावर ड्रम आडवा करून दहा मिनिटं पहा, खाली कागद टाका, थेंब लगेच दिसतो. लेबल पिवळं, त्यावर लाल अक्षरात घातक कचरा अन् काळजीपूर्वक हाताळा, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत, पाण्यानं निघणार नाही असं.

आता घेणारा. नोंदणीकृत रिसायकलर असला पाहिजे, त्याच्याकडून मंडळाच्या ऑथरायझेशनची कॉपी मागा अन् तीन गोष्टी बोट ठेवून वाचा, तारीख संपली नाही ना, ५.१ लिहिलं आहे ना, वर्षाची क्षमता किती. कॉपी द्यायला कुरकुर करणाऱ्याला ऑइल देऊ नका, भाव कितीही चांगला असो. वीटभट्टीवर जाळायला नेणारेही गोड बोलून चांगला भाव देतात. गाडी घेणारा पाठवत असेल तं वाहतुकीची जबाबदारी त्याची, आपण केली तं आपली, अन् ज्याची जबाबदारी त्याच्याकडं वाहतुकीचं ऑथरायझेशन पाहिजे, हे मॅनिफेस्टवर, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदावर, स्पष्ट लिहा. ड्रायव्हरच्या लायसनवर घातक मालाची नोंद लागते, त्यासाठी ३ दिवसांचं ट्रेनिंग असते. गावातला ओळखीचा पिकअपवाला यात बसत नाही.

मॅनिफेस्ट म्हणजे फॉर्म १०, सात रंगांच्या सात कॉप्या. पांढरी आपण मंडळाला पाठवायची, पिवळी ड्रायव्हरची सही घेऊन आपल्याकडं, बाकी पाच गाडीसोबत. तिकडं गुलाबी घेणाऱ्याकडं राहते, नारिंगी ट्रान्सपोर्टरला, हिरवी घेणारा मंडळाला पाठवतो, निळी आपल्याला परत येते. राखाडी लागते घेणारा दुसऱ्या राज्यात असला तं, जसं चंद्रपूर-वणीकडून तेलंगणात माल गेला तर, अन् तेव्हा गाडी भरायच्या आधी दोन्हीकडच्या मंडळांना कळवावं लागते. सोबत फॉर्म ९ चं कार्ड, माल काय, सांडला तं काय करायचं, कोणाला फोन करायचा. ते ड्रायव्हरला वाचून दाखवा, नुसतं डॅशबोर्डवर टाकू नका.

गाडी आली की भरायच्या आधी अन् नंतर धरमकाट्यावर न्या. २०० लिटरचा ड्रम म्हणजे अंदाजे १८० किलो ऑइल, अंदाजानं लिहू नका, काट्याची पावती मॅनिफेस्टला टाचा. आमचा एकदा घोळ झाला होता, आम्ही लिटर लिहिले, तिकडं किलो, अन् आकडे जुळवता जुळवता पंधरा दिवस गेले. ड्रम उभे, बुच वर, दोरीनं बांधलेले, सोबत मातीचं अन् भुशाचं एक-एक पोतं. रस्त्यात सांडलंच तं पाणी मारायचं नाही, माती टाकून नाल्याकडची बाजू आधी बांधायची, ११२ ला फोन, अन् मंडळाला लगेच कळवायचं, त्याचा फॉर्म ११ आहे. वणीहून वरोरा, जाम करत बुटीबोरीकडं जाणारी गाडी असेल तं ड्रायव्हरला सांगा, ढाब्यावर थांबला तरी गाडी नजरेसमोर ठेव.

निळी कॉपी आली नाही तं गप्प बसू नका. मी गाडी गेल्यापासून दहाव्या दिवशी फोन करतो, मग लेखी पत्र, पत्राची पोच फाइलला. फॉर्म ३ च्या रजिस्टरात तारीख, वजन, मॅनिफेस्ट नंबर त्याच दिवशी लिहा, मग ३० जूनच्या आत फॉर्म ४ चा वार्षिक रिटर्न भरायला अर्धा तास लागतो. अन् पुढच्या सीझनला ड्रमवर युनिटचं नाव पुन्हा रंगवून घ्या, जुनं पुसट झालं असेल तर.