क्रिकेटरची शोकसभा कशी घ्यावी: एका स्कोअररच्या सूचना

मोठा खेळाडू गेला की त्याची एक शोकसभा कुणीतरी घेतंच. असोसिएशन घेते, जिमखाना घेतो, वर्तमानपत्रांत रकाने भरतात. मी लिहितेय ते दुसऱ्या सभेबद्दल. ज्यांनी त्याच्याबरोबर नेट्समध्ये घाम गाळला, स्लिपमध्ये त्याचे कॅच सोडून त्याच्या शिव्या खाल्ल्या, किंवा माझ्यासारखं तंबूत बसून त्याच्या ओव्हर्स वहीत उतरवल्या, अशा लोकांनी मैदानाच्या कडेला घ्यायची सभा. मुंबईच्या मैदानांवर स्कोअरिंग करण्यात माझं आयुष्य गेलं. अशा सभांचं काम आपोआप स्कोअररकडे येतं, कारण त्याच्याकडे वही असते आणि त्याला स्वतःला फारसं बोलायचं नसतं.

2025 साली 19 फेब्रुवारीला मुंबईचे माजी कप्तान मिलिंद रेगे गेले आणि 3 मार्चला मुंबईचे डावखुरे स्पिनर पद्माकर शिवलकर. दोन आठवडेही मध्ये नाहीत. तेव्हा आमच्या जुन्या मंडळींनी जे केलं आणि इतरांच्या सभांना बसून मी जे पाहिलं, त्यावरून हे लिहिते. उदाहरणं जास्त करून शिवलकरांची देते. मैदानात त्यांना सगळे पॅडी म्हणत.

आधी फोन. बातमी कानावर आली की ग्रुपवर हार घातलेला फोटो टाकायची घाई करू नका. जुन्या खेळाडूंना जिवंतपणी मारणारे मेसेज दर वर्षी फिरतात. घरातल्या एकाशी बोलून खात्री करा, पण त्या घटकेला बायकोला किंवा मुलाला फोन लावू नका. जावई, भाचा, शेजारी, कुणीतरी असतो. मग सत्तरीपुढच्या सोबत्यांना एकेक करून फोन करा. ही मंडळी व्हॉट्सॲप बघत नाहीत. आपला बॉलर गेल्याचं विकेटकीपरला दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून कळावं, यासारखं वाईट काही नाही. कीपर, कॅप्टन, मग मैदानाचा माळी, या क्रमाने मी फोन करते. माळ्याला सगळेच विसरतात. त्याने त्या माणसासाठी किती पहाटे पिचला पाणी घातलेलं असतं, ते त्यालाच ठाऊक.

दिवस घरच्यांना विचारून ठरवा. तेराव्यापर्यंत त्यांच्याकडे माणसांची रीघ असते, तेव्हा त्यानंतरचा एखादा रविवार बरा. मॅच संपली की संध्याकाळी, म्हणजे खेळणारी पोरंही थांबतात. खुर्च्या पिचपासून लांब मांडा. जो माणूस जन्मभर पिचवर कुणाला बूट घालून चालू द्यायचा नाही, त्याच्याच सभेत खुर्च्यांचे पाय पिचमध्ये रुतलेले मी पाहिलेत. माइक एकच, तोही साधा. मंच नको. मंच आला की त्यावर कोण बसणार हे आलं, आणि मग नगरसेवक आले.

आता आकडे. इथे वेळ द्या, कारण सभेत सांगितलेला चुकीचा आकडा नंतर वीस वर्षं फिरतो. शिवलकर 124 प्रथम श्रेणी सामने खेळले, 19.69 च्या सरासरीने 589 बळी घेतले. त्यांतले मुंबईकडून रणजी करंडकात घेतलेले 361. निम्मे वक्ते ‘रणजीत 589’ म्हणून मोकळे होतात. हरयाणाचे डावखुरे स्पिनर राजिंदर गोयल यांचं उलटं होतं: त्यांचे रणजीतले बळी 637 आणि एकूण 750, पण लोक 637 हीच त्यांची सगळी कमाई समजतात. म्हणून एका कार्डावर दोन्ही आकडे, पुढे कशाचे ते लिहून, सूत्रसंचालकाच्या खिशात ठेवा. वक्त्याने चूक केलीच तर मध्येच टोकू नका. पुढच्या वक्त्याचं नाव घेताना बरोबर आकडा सहज बोलून जायचं. आणि पाच-पंचवीस आकड्यांची जंत्री वाचू नका. कधी कधी गोलंदाजीचं एकच पृथक्करण पुरतं. बापू नाडकर्णींचं मद्रासमधलं 1964 चं, इंग्लंडविरुद्धचं, 32-27-5-0 मोठ्याने म्हणून बघा. बत्तीस ओव्हर, त्यांतल्या सत्तावीस मेडन म्हणजे निर्धाव, पाच धावा, बळी शून्य. समोर बसलेली पोरं आधी हसतात, मग गप्प होतात. त्यांनी ओळीने 21 ओव्हर निर्धाव टाकल्या होत्या हे मग सांगावं.

माझा सगळ्यात आवडता भाग धावफलक वाचण्याचा. भाषणाने होत नाही ते याने होतं. मेलेल्या माणसाचं काम, जसं झालं तसं, लोकांच्या कानावर घालायचं. पॅडींसाठी 1972-73 ची रणजी फायनल घ्यायची हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. चेपॉक, समोर तामिळनाडू. अजित वाडेकरांची मुंबई पहिल्या डावात 151. आजच्या पोरांना वाटतं, मॅच गेली. तामिळनाडू सर्व बाद 80, शिवलकर 16 धावांत 8. पुन्हा मुंबई 113. पुन्हा तामिळनाडू, सर्व बाद 61. शिवलकर 18 धावांत 5, उरलेले पाच एकनाथ सोलकरांचे. तिसरा दिवस उजाडला तोवर मॅच जवळपास आटपली होती. मुंबई 123 धावांनी जिंकली आणि रणजी करंडक सलग पंधराव्यांदा घरी आला.

वाचायची पद्धत अशी. दोन वाचक घ्या. एकाने फलंदाजाचं नाव घ्यायचं, दुसऱ्याने पेपरात छापत तसं ‘झे. अमुक’ (झेल कुणाचा) किंवा ‘त्रि.’ (त्रिफळा) एवढंच म्हणायचं. ‘गो. शिवलकर’, म्हणजे गोलंदाज शिवलकर, हे बसलेल्या सगळ्यांनी म्हणायचं. पहिल्या दोन-तीन वेळा लाजतात. पाचव्या बळीपर्यंत आवाज चढलेला असतो, आणि कडेला शूज काढत बसलेली अंडर-सिक्स्टीनची पोरंसुद्धा त्यात मिसळतात. त्या दोन डावांत हे नाव तेरा वेळा येतं. धावा वाचू नका, वेळ जातो. बॅट्समन गेला असेल तर मात्र धावा वाचाव्या लागतील, आणि तिथे एखादा लहानसा, पण ओल्या पिचवर काढलेला डाव निवडा. शतकं सगळ्यांनाच माहीत असतात. मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगमधले पावसातले बावीस रन कुणीतरी आठवणीने काढायला हवेत. क्लबची जुनी स्कोअरबुकं शोधा. कपाटाच्या वरच्या फळीवर, वाळवी लागायच्या बेतात असतात. पान उघडून प्रेक्षकांत फिरवा. सहा ठिपके जोडून केलेला मेडनचा ‘एम’ पेन्सिलीने काढलेला दिसला की म्हाताऱ्यांची बोटं त्यावरून फिरतात.

वक्ते निवडताना मोठ्या नावामागे जाऊ नका. प्रत्येकाने फक्त डोळ्यांनी पाहिलेलं बोलायचं, हा एकच नियम आधी फोनवर सांगून ठेवा. ‘आपण दोन शब्द बोला’ म्हटलं की माणूस ‘हरहुन्नरी, दिलदार, अजातशत्रू’ सुरू करतो. त्याऐवजी त्याला प्रश्न द्या. कीपरला विचारा, ओल्या पिचवर त्याचा बॉल ग्लोव्हजमध्ये कसा यायचा? स्लिपवाल्याला विचारा, कॅच सुटल्यावर तो काय म्हणायचा, शब्दशः सांग, शिवीसकट. अंपायरला विचारा, अपील कसं करायचा? आमच्या क्लबातल्या एका डावखुऱ्या बॉलरच्या सभेत अंपायर म्हणाले, ‘तो अपील करायचाच नाही, नुसता माझ्याकडे बघायचा, आणि मला अपराध्यासारखं वाटायचं.’ त्या माणसाबद्दल याहून खरं त्या संध्याकाळी कुणी बोललं नाही.

एक वक्ता समोरच्या टीमचा हवाच. शिवाजी पार्क जिमखाना आणि दादर युनियन या मुंबईच्या दोन क्लबांमधली चुरस ज्यांनी पाहिली त्यांना हे पटेल. आपली माणसं प्रेमाने बोलतात, समोरची माणसं नेमकं बोलतात. ज्याला त्याने चार वेळा त्रिफळाबाद केलं त्याला बोलवा. कुठला बॉल कळायचा नाही ते तोच सांगेल, आणि त्याला ते सांगायची इच्छा वर्षानुवर्षं असते.

मैत्रीबद्दल बोलायचं तर ‘आमची घट्ट मैत्री होती’ हे वाक्य बंद. काय काय एकत्र केलं ते सांगायचं. रेगे आणि सुनील गावसकर शाळकरी वयापासूनचे दोस्त: तीच सेंट झेवियर्स शाळा, तेच कॉलेज, तोच दादर युनियन क्लब. एवढी यादी म्हटली तरी पुरे होते. रेग्यांना सव्विसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला आणि त्यातून उठून ते पुन्हा रणजी खेळले, मुंबईचे कप्तानही झाले. हे सभेत कुणी सांगायचं? पुढे मुंबईच्या निवड समितीतल्या त्यांच्या खुर्चीशी ज्यांची ओळख झाली त्यांनी नव्हे. ते परतले तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये जो होता त्याने सांगायचं. असा कुणी नसेल तर सूत्रसंचालकाने एका वाक्यात सांगून पुढे जावं.

आता अवघड भाग. शिवलकर भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. सभेत हे येणारच, आणि आवरलं नाही तर दुसरं काही येणारच नाही. मी अशा सभेला बसले आहे जिथे पहिल्या वक्त्यापासून शेवटच्यापर्यंत निवड समितीचंच श्राद्ध चाललं होतं, आणि गेलेला माणूस बाजूला राहिला. माझं मत कडक आहे: अन्यायावर एकाच माणसाने बोलायचं, सभेच्या मधोमध बोलायचं, आणि साल-तारखेनिशी बोलायचं. डावखुरे स्पिनर बिशनसिंग बेदी 1966 च्या अखेरीस भारताच्या संघात आले आणि 1979 पर्यंत राहिले, 67 कसोट्या, 266 बळी. एका संघात दोन डावखुरे स्पिनर खेळवायची कुणाची तयारी नव्हती, शिवाय प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकट हे स्पिनर होतेच. बेदी संघाबाहेर गेले तेव्हा पॅडी एकोणचाळिशीला टेकले होते आणि जागा दिलीप दोशींना मिळाली. गोयलांचं दुःख तेच. गावसकरांनी आपल्या आदर्श खेळाडूंवरच्या पुस्तकात या दोघांनाही घेतलं, आणि कप्तान असताना निवड समितीला आपण त्यांच्यासाठी पटवू शकलो नाही याची खंत पुढे बोलूनही दाखवली. 2017 मध्ये बोर्डाने दोघांनाही सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. बास. यापुढे हळहळ वाढवू नका.

आणि हेही त्याच वक्त्याने सांगावं: 4 मार्च 2025 ला दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची सेमीफायनल होती, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. ज्याला भारताची टोपी कधी मिळाली नाही त्याच्यासाठी भारताचा संघ त्या दिवशी दंडाला काळी फीत बांधून उतरला. सांगा, पण टोमणा मारू नका. लगेच पुढचा वक्ता उभा करा, तोही हसवणारा. पॅडी 1987-88 मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा मुंबईकडून रणजी खेळायला उतरले होते. यावर मुंबईची माणसं तासभर बोलू शकतात.

प्रत्येकाला चार मिनिटं. माझ्याकडे अंपायर ओव्हरचे बॉल मोजायला वापरतात तसे सहा गोटे असलेला एक डबा आहे. वेळ संपली की मी तो वाजवते. आजवर कुणी रागावलेलं नाही.

गाणं वाजवायचं तर त्याच्या आवडीचं. पॅडी स्वतः गात, त्यांच्या आवाजातलं चेंडू आणि दैवावरचं गाणं रेकॉर्डवर आहे, तेव्हा आम्हाला शोधाशोध करावी लागली नाही. ते शेवटी न लावता लोक जमत असताना लावलं. शेवटी लावलं असतं तर सगळे रडत घरी गेले असते, आणि त्या वयाच्या माणसांना रात्री दादर पुलावरून सांभाळून जायचं असतं. परदेशातल्या जुन्या खेळाडूंना व्हिडिओ कॉलवर घेऊ नका. न्यू जर्सीत तेव्हा सकाळ असते, आवाज अडकतो आणि माइकवाला घाबरतो. त्यांच्याकडून दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज आधीच मागवा.

खाण्यात चहा, वडापाव. गोड काही नको. चहा सभेच्या आधीही ठेवा, कारण खऱ्या आठवणी चहाच्या टपापाशी निघतात. तिथे एखाद्या पोराला फोन रेकॉर्डिंगवर ठेवून उभं करा, अर्थात सगळ्यांना सांगून.

घरच्यांना भाषण करायला लावू नका. आले तर पुढच्या रांगेत नाही, कडेला बसवा, म्हणजे उठून जावंसं वाटलं तर जाता येतं. ‘किट संग्रहालयाला द्या’ असं त्या दिवशी मुळीच म्हणू नका. वर्षभराने विचारा. उलट आपणच त्यांना काही द्यावं: स्कोअरबुकातल्या निवडक पानांच्या चांगल्या झेरॉक्स, वर सामना आणि तारीख लिहून. नातवंडांना आजोबांचे आकडे इंटरनेटवर मिळतात, क्लब मॅचची पानं मिळत नाहीत.

उरला पैशाचा प्रश्न. वर्गणी जमली की कुणीतरी ‘स्मृती चषक’ सुचवतोच. चषक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंद पडतो आणि ट्रॉफ्या क्लबच्या माळ्यावर जातात. स्पिनर गेला असेल तर एका सीझनचे बॉल घ्या, नवे आणि जुने दोन्ही, आणि नेट्समध्ये स्पिन टाकणाऱ्या पोरांसाठी बाजूला ठेवायला कोचला सांगा. बॅट्समन गेला असेल तर नेटच्या जाळ्या बदला. पावती हिशेबाला जोडून आठवड्याच्या आत ग्रुपवर टाका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी वर्गणी देणार नाही.