जुना आणि नवा सर्व्हर एकाच क्लस्टरमध्ये जोडताना

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कारखान्यांना सगळे सर्व्हर एकदम बदलणं परवडत नाही. मग जुन्या झिऑनशेजारी (इंटेलचा सर्व्हर प्रोसेसर) नवा येतो, दोन्ही एका क्लस्टरमध्ये म्हणजे गटात जोडले जातात आणि दोन्हींवर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारी प्रणाली. चालतं की! फक्त व्हीएमचा सीपीयू टाइप (तिला कोणता प्रोसेसर दिसेल ते ठरवणारी सेटिंग) ‘होस्ट’ ठेवू नका. तसं केलं की व्हीएमला नव्या प्रोसेसरच्या सगळ्या सोयी दिसतात. ती चालू असतानाच जुन्या मशीनवर हलवली, तर तिथे नसलेली इन्स्ट्रक्शन मागते आणि फाउंड्रीचं ईआरपी (कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) भर शिफ्टमध्ये कोसळतं.

सगळ्यात जुन्या मशीनला झेपेल तोच टाइप सगळ्या व्हीएमना द्या. प्रॉक्समॉक्स ८ पासून नव्या व्हीएमला ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ आपोआप मिळतो, तो बहुतेकांना पुरतो. सगळे झिऑन हॅसवेल पिढीचे किंवा त्यानंतरचे असतील तर ‘एक्स८६-६४-व्ही३’ घ्या; रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला तो लागतोच. व्हीएमवेअर या अशाच दुसऱ्या प्रणालीत हेच काम ईव्हीसी नावाची सोय करते.

टाइप बदलल्यावर विंडोजमधून नुसतं रीस्टार्ट करून भागत नाही, व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. साप्ताहिक सुट्टीचा दिवस त्यासाठी बरा. आणि इंटेलसोबत एएमडी? विक्रेता काहीही सांगो, तिथे व्हीएम बंद करूनच हलवा.