तोरंजनातलं बर्गामॉटिन मोजायचंय? मग चोथा फेकू नका

दीड दिवसाचा गणपती पोचवला आणि माटोळी, म्हणजे मूर्तीवर टांगलेली फळा-पानांची आरास, उतरवायला घेतली की आमच्या वाड्यावर वाटणी सुरू होते, आंबाडे एकाकडे, सुपारीचा घोस दुसऱ्याकडे, आणि ते फुटबॉलएवढं तोरंजन, म्हणजे पपनस हो, ते बहुतेक आमच्याच घरी राहतं कारण सोलायचा कंटाळा सगळ्यांनाच. दोन वर्षांमागे शेजारचे काका फाटकाशी उभे राहून विचारायला लागले, "हांवें खाल्ल्यार चलता मगो?" त्यांची किडनी बदललेली, टॅक्रोलिमस चालू. मी म्हटलं काका थांबा, आधी डॉक्टरना फोन करा. डॉक्टरनी एका वाक्यात सांगितलं, ग्रेपफ्रूट नको तसं पपनसही नको. काकांपुरता विषय तिथेच मिटला. माझा काही मिटला नाही, कारण मी दिवसभर एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, एचपीएलसीसमोर बसतो (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणारं मशीन) आणि डोक्यात किडा आला की औषधात गडबड करणारं ते बर्गामॉटिन आपल्या परसातल्या फळात असतं तरी किती. ओळखीच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये रविवारी जाऊन मोजलं, आधी चुकीचं, मग बरोबर. ते कसं करायचं ते लिहितो, गोव्यात फार्मावाले ढिगाने आहेत, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी मोजायचं काय ते. सगळ्यांना वाटतं नारिंजिन, कारण ग्रेपफ्रूटचा कडूपणा त्याचा, आणि सुरुवातीला संशोधकांचाही संशय त्याच्यावरच होता. खरे आरोपी निघाले फ्युरानोकुमारिन, त्यातही बर्गामॉटिन आणि त्याचा भाऊ डायहायड्रॉक्सीबर्गामॉटिन, पुढे मी त्याला डीएचबी म्हणतो. ही गोष्ट सापडली पण अपघातानेच. कॅनडात डेव्हिड बेली आणि मंडळी फेलोडिपिन या बीपीच्या गोळीबरोबर दारू घेतली तर काय होतं ते बघत होती, दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा ज्यूस दिला आणि रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. हे १९८९ मध्ये छापून आलं, आणि नुसत्या ज्यूसचा हा प्रताप १९९१ मध्ये लॅन्सेटमध्ये. आतड्याच्या भिंतीत सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असतं, ते बरंचसं औषध रक्तात जायच्या आधीच मोडतं, आणि ही फ्युरानोकुमारिनं त्या एन्झाइमला कायमचं निकामी करतात. शरीराने नवं एन्झाइम बनवेपर्यंत परिणाम राहतो, एक दिवस तरी, कधी तीन दिवसांपर्यंत. म्हणून सकाळी फळ आणि रात्री गोळी ही युक्ती चालत नाही. सिमव्हास्टॅटिन, निफेडिपिन, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस ही ठळक नावं. आणि "हे गोड आहे, कडू नाही, म्हणजे सेफ" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, जिभेला कळतं ते नारिंजिन, बर्गामॉटिन नाही.

आता सॅम्पल. खरी मेहनत इथे आहे, मशीन नंतर. एका फळावर काही सांगता येत नाही, एकाच झाडाची पाच-सहा फळं घ्या, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून आणलीत तर निदान एकाच बाईकडून एकाच ढिगातली घ्या आणि कुठल्या गावची ते विचारून लिहून ठेवा. सोलताना साल आणि आतलं पांढरं जाड अस्तर पूर्ण काढायचं, जसं आपण खातो तसं. सालीत ही द्रव्यं भरपूर असतात, त्यामुळे ज्या सुरीने साल कापली त्याच सुरीने फोड कापलीत तर आकडा फुगलाच म्हणून समजा. मी दोन सुऱ्या ठेवतो, आणि मध्ये हातमोजे बदलतो.

हातमोज्यांवरून आठवलं, ते घालाच. ही फॅमिली त्वचेवर लागून वर ऊन पडलं की भाजल्यासारखं होतं. एप्रिलमध्ये उर्राकात, म्हणजे काजूच्या दारूत, लिंबं पिळून त्याच हातांनी बीचवर दुपार काढणाऱ्यांच्या हातावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड आणि मग काळपट डाग येतात ना, लोक म्हणतात उर्राक बाधलं, ते लिंबाच्या सालीतलं बर्गाप्टेन वगैरे असतं. स्टँडर्डची, म्हणजे तुलनेसाठी विकत मिळणाऱ्या शुद्ध द्रव्याची, कुपी तर त्याहून कितीतरी तीव्र.

फोडी बिया काढून मिक्सरला लावा, गाळू नका. परत सांगतो, गाळू नका. पहिल्या रविवारी मी शहाण्यासारखा मलमलच्या फडक्यातून रस गाळला, वर सेंट्रिफ्यूज केला, छान नितळ पाणी घेतलं आणि खालचा चोथा सिंकमध्ये. मशीनच्या ग्राफवर डीएचबीचा बऱ्यापैकी पीक, म्हणजे सुळका, आला आणि बर्गामॉटिनच्या जागी जवळजवळ सपाट लाइन. मी खूश, म्हटलं गोव्याचं तोरंजन एकदम सात्त्विक. घरी येताना बोरी पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. बर्गामॉटिनला लांब तेलकट शेपटी आहे, ते पाण्यात कशाला राहील, ते चोथ्याला चिकटून बसतं, डीएचबीला दोन ओएच असल्यामुळे ते पाण्यात त्यातल्या त्यात रमतं. पुढच्या रविवारी त्याच झाडाचं फळ, चोथा वेगळा काढला, आणि बर्गामॉटिन सगळं तिथेच. विकतच्या डब्यातला ज्यूस मोजणार असाल तरी हेच, डबा चांगला हलवून मगच ओता, तळाशी बसलेला गाळ म्हणजेच तुमचा आकडा.

एक्स्ट्रॅक्शन सोपं आहे. मिक्सरमधलं ५ ग्रॅम ट्यूबमध्ये वजन करून, त्यात १० मिली एथिल अॅसिटेट, दोन मिनिटं व्होर्टेक्स, मग ४००० आरपीएमला १० मिनिटं. वरचा थर आपला, तो काचेच्या फ्लास्कमध्ये. असं तीनदा. पपनसात पेक्टिन असल्यामुळे मध्ये दह्यासारखा थर धरतो आणि तासन् तास सुटत नाही, तेव्हा चमचाभर मीठ, म्हणजे लॅबमधलं सोडियम क्लोराइड, घालून परत फिरवा. तिन्ही वेळचं एकत्र करून अनहायड्रस सोडियम सल्फेटमधून काढा, ४० डिग्रीच्या वर न जाता रोटाव्हॅपवर किंवा नायट्रोजनखाली सुकवा, आणि नेमक्या १ मिली अॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवा. मग ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर. पीटीएफई वापरा, आणि तरीही एकदा स्टँडर्ड गाळून आणि न गाळता दोन्ही मशीनमध्ये टोचून बघा, फिल्टर किती गिळतो ते कळतं. हे सगळं फ्यूम हूडमध्ये, स्टोव्ह-बिव्ह जवळ नको.

आणि उजेड! ही द्रव्यं उजेडात तुटतात. अंबर व्हायल, अंबर फ्लास्क, नसेल तर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, खिडकीशी काम करू नका. रस तसाच ठेवायचा असेल तर लगेच उणे २० मध्ये, छोट्या छोट्या ट्यूबमध्ये, म्हणजे परत परत वितळवायला नको. आंबट रसात जास्त वेळ ठेवलं तर सालीकडून आलेलं इपॉक्सीबर्गामॉटिन हळूहळू डीएचबीत बदलतं, मग तुम्ही फळ मोजताय की फ्रिज मोजताय तेच कळत नाही.

स्टँडर्ड महाग पडतात, १ मिलीग्रॅमची कुपी येते आणि यायला वेळ लागतो, आधीच ऑर्डर टाका. साध्या बॅलन्सवर १ मिलीग्रॅम वजन करायला जाऊ नका, त्यात जुलैमधली गोव्याची हवा, दार उघडलं की आकडा नाचतो. आहे ती कुपी मायक्रोबॅलन्सवर आधी-नंतर वजन करून अख्खीच अॅसिटोनायट्राइलने धुऊन १० मिली करा, १०० पीपीएमचा, म्हणजे मिलीला १०० मायक्रोग्रॅमचा, स्टॉक झाला. त्यातून ०.१, ०.५, १, २, ५, १० आणि २० मायक्रोग्रॅम प्रति मिलीची द्रावणं करा, तीच टोचून पीकचा ग्राफ काढायचा.

एचपीएलसीची सेटिंग तुम्हाला नवी नाही. सी१८ कॉलम, २५० बाय ४.६, ५ मायक्रॉन, तापमान ३०, फ्लो १ मिली, इंजेक्शन २० मायक्रोलिटर. ए म्हणजे ०.१ टक्का फॉर्मिक अॅसिडचं पाणी, बी म्हणजे अॅसिटोनायट्राइल, ३० टक्के बीपासून ३० मिनिटांत ९० पर्यंत चढवा, पाच मिनिटं तिथे थांबा, खाली या आणि दहा मिनिटं कॉलमला श्वास घेऊ द्या. डिटेक्टर ३१० नॅनोमीटर. डीएचबी मधेच येतं, बर्गामॉटिन अगदी शेवटी, त्यामुळे रन लवकर बंद केलीत तर ते पुढच्या इंजेक्शनमध्ये भुतासारखं उगवेल. दर दोन-तीन सॅम्पलनंतर ब्लँक, म्हणजे नुसतं सॉल्व्हंट, टोचा. पावसात लाइट जाते ते धरून यूपीएस बघून ठेवा, माझी एक अख्खी सीक्वेन्स तशी गेली.

पपनसात भानगड अशी की ऑराप्टीनसारखी इतर कुमारिनंही असतात आणि तीही याच पट्ट्यात शोषतात. नुसता रिटेन्शन टाइम, म्हणजे पीक यायची वेळ, जुळला म्हणून नाव देऊन टाकू नका. पीडीए, म्हणजे सगळ्या तरंगलांबी एकदम बघणारा डिटेक्टर, असेल तर स्पेक्ट्रम स्टँडर्डवर ठेवून बघा, ३१० जवळचा डोंगर आणि २५० ते २७० मधले छोटे सुळके दिसले पाहिजेत, पीक प्युरिटी बघा. कुणाकडे एलसीएमएस, म्हणजे रेणूचं वजनही सांगणारं मशीन, असेल तर एक सॅम्पल पाठवाच, बर्गामॉटिन ३३९ वर, डीएचबी ३७३ वर, आणि दोघंही तुटून २०३ देतात, म्हणजे शेपटी गळून बर्गाप्टॉल उरतो. तिथे जुळलं की मग निवांत.

फळाच्या ब्लँकसाठी, म्हणजे ही द्रव्यं नसलेलं फळ म्हणून, मी मोसंबी वापरतो. गोड संत्र्या-मोसंबीत ही द्रव्यं सहसा सापडत नाहीत, तरी आधी नुसती मोसंबी टोचून त्या जागी लाइन सपाट आहे ना बघा. मग मोसंबीच्या लगद्यात मोजून स्टँडर्ड घाला, तासभर ठेवा, तेच एक्स्ट्रॅक्शन करा, किती परत मिळतं ते बघा, हीच रिकव्हरी. तीन लेव्हलना तीन-तीन वेळा. ८० टक्क्यांच्या खाली आलं तर चूक बहुतेक सुकवण्यात किंवा तिसरं एक्स्ट्रॅक्शन आळसाने टाळलं त्यात असते. स्टँडर्डच्या ग्राफचा आर स्क्वेअर ०.९९९ आला म्हणून पेढे वाटू नका, खालच्या दोन पॉइंटला रेषा किती चुकते ते बघा, कारण फळाचा आकडा बहुधा तिथेच पडतो.

हिशेब उदाहरण म्हणून, हे माझे आकडे नव्हेत. समजा ग्राफवरून ४ मायक्रोग्रॅम प्रति मिली आलं. शेवटचं व्हॉल्यूम १ मिली, म्हणजे ५ ग्रॅमात ४ मायक्रोग्रॅम, ग्रॅमला ०.८. रिकव्हरी ८५ टक्के असेल तर ०.८ भागिले ०.८५, साधारण ०.९४. माणूस बसल्या बसल्या २०० ग्रॅम फोडी खातो, म्हणजे १८८ मायक्रोग्रॅम. रिपोर्टमध्ये रिकव्हरीने भागलंय की नाही ते स्पष्ट लिहा, नाहीतर दुसऱ्या लॅबशी तुलना करताना भांडणं होतात. बर्गामॉटिन आणि डीएचबी यांची सरळ बेरीजही करू नका, रेणूचं वजन वेगळं, ३३८ आणि ३७२, बेरीज करायचीच असेल तर मायक्रोमोलमध्ये करा.

नारिंजिन बघायचं असेल तर ते वेगळं काम, ते पाण्यात चांगलं उतरतं आणि प्रमाणही कितीतरी जास्त, म्हणून रस मिथेनॉल-पाण्यात पातळ करून २८० नॅनोमीटरला, वीसेक टक्के अॅसिटोनायट्राइलवर सुरुवात करून. त्याचा संबंध दुसऱ्या प्रकारच्या गडबडीशी आहे, फेक्सोफेनाडिन ही अॅलर्जीची गोळी आतड्यातून ज्या वाहकाने आत जाते त्याला ते अडवतं आणि औषध कमी पोचतं, म्हणजे उलटाच प्रकार.

माझा आकडा इथे मुद्दाम टाकत नाही. एका झाडाचा, एका हंगामाचा आकडा वाचून कुणीतरी "एवढंच ना" म्हणून गोळीवर फोडी खाईल, आणि कुणाच्या आतड्यात किती एन्झाइम आहे ते माझ्या मशीनला कळत नाही. काकांनी पण विचारलंच होतं, कमी निघालं तर अर्धी फोड चालेल काय. मी म्हटलं काका, हा कागद माझ्या हौसेचा, गोळीचं डॉक्टरना विचारायचं. ते हसले आणि म्हणाले मग एवढी दगदग बेस्टीच, म्हणजे उगीचच, केलीस.

काम संपलं की कॉलम अॅसिटोनायट्राइलने अर्धा तास धुवा, पपनसाचे तेलकट अवशेष आत बसले की पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचं प्रेशर वाढतं आणि शिव्या आपल्याला. उरलेलं सॉल्व्हंट वेस्ट कॅनमध्ये, सिंकमध्ये नाही. आणि ट्यूबवर फक्त "तोरंजन १" लिहू नका, झाड कुठलं, तारीख, सालीशिवाय, चोथ्यासकट, एवढं लिहा. माझ्या फ्रीझरमध्ये गेल्या वर्षीच्या चार ट्यूब आहेत ज्यांच्यावर नुसतं "टी" लिहिलंय, टी म्हणजे तोरंजन की टेस्ट ते आता मलाच आठवत नाही.