थंडीत बॅकयार्डमध्ये तात्पुरतं वर्कशॉप उभारताय? या चुका टाळा

दर नोव्हेंबरला कोणाचा ना कोणाचा फोन येतो, 'दादा, मागे ताडपत्री टाकून तात्पुरतं वर्कशॉप करतोय, दोनच महिन्यांचा प्रश्न आहे.' जानेवारीत त्याच माणसाचा परत फोन येतो, सगळं खाली बसलं म्हणून. मी कॅनडात, दक्षिण ऑन्टारिओत राहतो, गॅरेजमध्ये गाड्या, आणि आमच्या मंडळाची शिवजयंती 19 फेब्रुवारीला, म्हणजे मेघडंबरी, पालखी, स्टेजचं सगळं सुतारकाम ऐन उणे दहा-पंधरामध्ये करायचं. गेली नऊ वर्षं मी दर हिवाळ्यात हा तंबू उभा करतोय आणि त्याच त्याच चुका बघून आता खरंच जीव कंटाळलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

पहिली चूक छताच्या उताराची, आणि जवळजवळ सगळे हीच करतात. दुकानातून पार्टीचा रेडीमेड मांडव आणतात, त्याचं छप्पर उन्हासाठी केलेलं असतं, उतार नावापुरता. मग म्हणतात पाइप लोखंडी आहेत, काय होतंय. जरा हिशोब करा. 10 बाय 20 फुटांचं छप्पर म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर. भुरभुरीत ताजा बर्फ हलका असतो, पण ओला बर्फ एका घनमीटरला 250 किलोच्या घरात सहज जातो. असा फक्त वीतभर, 20 सेंटीमीटर बर्फ साचला तरी छपरावर नऊशे किलोच्या वर वजन येतं. म्हणजे तुमच्या मांडवावर एक स्विफ्ट गाडी ठेवल्यासारखं.

दुसऱ्या वर्षी आमचं हेच झालं. मांडव एका मित्राच्या बॅकयार्डात होता, उतार कमी आहे हे मला दिसत होतं पण मेघडंबरीचे चार खांब पूर्ण करायची घाई होती आणि मी गप्प बसलो, ते गप्प बसणं मला अजून लागतं. रात्रभर बर्फ पडला, पहाटे तापमान शून्याच्या वर आलं आणि पाऊस सुरू झाला. आम्हाला वाटलं बरं झालं, पावसाने बर्फ धुऊन जाईल. उतारावर जातो तो, सपाटीवर नाही जात, तिथे बर्फ स्पंजसारखा पाणी पिऊन बसतो. दोन पाइपांच्या मधे ताडपत्रीला झोळ पडलेला होता, त्यात परातीएवढं पाणी साचलं, वजनाने झोळ वाढला, मग अजून पाणी. पाच वाजता आवाज आला. पाइप मधे नाही तुटला, जोडावर दुमडला, आणि एका खांबाचं कोरलेलं कमळ सरळ निखळून पडलं. तो खांब पुन्हा करायला अकरा रात्री गेल्या.

तेव्हापासून मी रेडीमेड मांडव वापरत नाही. टू बाय फोरची, म्हणजे साधारण दोन बाय चार इंची, लाकडं आणतो आणि कोकणातल्या घरासारखं दोन पाखी छप्पर करतो, मधे आढं, दोन्हीकडे वासे, वाशांमधे दोन फुटांच्या वर अंतर नाही. रुंदी दहा फूट असेल तर आढं भिंतीपेक्षा पाच फूट उंच, म्हणजे 45 अंशांचा उतार. लोक म्हणतात एवढं उंच कशाला, लाकूड जास्त लागतं, आतली गरम हवा वर जाते. जाते, मान्य आहे, पण बर्फ सरकतो. प्लास्टिक ताणून घ्यायचं, अजिबात झोळ नको, आणि प्रत्येक वाशावर बाहेरून लाकडी पट्टी स्क्रूने मारायची. ताडपत्रीच्या डोळ्यांत सुतळी ओवून बांधाल तर वाऱ्याने पहिल्या आठवड्यात डोळे फाटतील, स्वस्त ताडपत्री गारठ्यात कडक होते आणि घडीवर चिरते. आणि जोरदार बर्फाच्या रात्री मी अलार्म लावून दोनदा उठतो, झाडूला टॉवेल गुंडाळून आतून छपराला हलके दणके देतो. कंटाळा येतो, पण उठतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे गॅसचा हीटर लावायचा आणि ऊब टिकावी म्हणून फट न फट टेपने बंद करायची. हे वाचून कोणी एक जण जरी थांबला तरी या लिखाणाचं चीज झालं. बंद जागेत जळणाऱ्या कुठल्याही गोष्टीतून कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आधी डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं थंडी बाधली, आणि तो अजून ऊब घ्यायला तिथेच बसतो. उत्तर भारतात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याची बातमी दर थंडीत येते, तंबूतही तेच होतं. बार्बेक्यूचे कोळसे आत आणणाऱ्याला मी तोंडावर सांगतो, असं असेल तर मी तुझ्याकडे कामाला येणार नाही. समोरासमोर दोन फटी कायम उघड्या ठेवायच्या, एक खाली एक वर. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचाच, पण साधे घरगुती अलार्म कडाक्याच्या थंडीत भरवशाचे नसतात, खोक्यावर तापमानाची रेंज लिहिलेली असते ती वाचून घ्या. हीटर प्लास्टिकपासून किमान मीटरभर लांब आणि भुसा रोज झाडायचा.

याच हीटरची दुसरी बाजू कोणाला माहीतच नसते. प्रोपेन जळला की पाणी तयार होतं, एक किलो गॅसमागे दीड किलोपेक्षा जास्त. बार्बेक्यूचा 20 पाउंडांचा सिलिंडर म्हणजे नऊ किलो गॅस, तो संपेपर्यंत चौदाएक लिटर पाणी वाफ होऊन तुमच्या तंबूत फिरतं आणि थंड प्लास्टिकला आतून जाऊन चिकटतं. एका वर्षी मेघडंबरीच्या कळसाला सोनेरी एनॅमलचा शेवटचा हात दिला, लवकर वाळावा म्हणून हीटर मोठा केला आणि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर छताला आतून टपोरे थेंब लोंबत होते, आढ्यावरून ओघळून नेमके कळसावर पडत होते, आणि जिथे थेंब पडला तिथे सोनेरी रंगात चवलीएवढा पांढरा, सुरकुतलेला डाग. सगळं घासून परत रंगवलं.

म्हणून मी आता अख्खा तंबू तापवतच नाही. एका पातळ प्लास्टिकमागे ऊब राहत नाही, कितीही जाळा. अंगात थर्मल, पायाखाली ऊब, आणि गरम ठेवायची ती फक्त कामाची वस्तू. इकडे आपण इडलीचं पीठ आंबवायला ओव्हनचा दिवा लावून ठेवतो ना, तीच युक्ती. फोमच्या जाड शीटचं मोठं खोकं केलंय, आत जुना 100 वॉटचा पिवळा बल्ब, फोमपासून आणि कामापासून वीतभर लांब, जाळीच्या पिंजऱ्यात, आणि एक थर्मामीटर, आणि दिवा चालू असेपर्यंत मी तिथून हलत नाही. चिकटवलेला जोड रात्रभर घराच्या बेसमेंटमध्ये. लाकडाचा साधा पांढरा-पिवळा ग्लू साधारण 10 अंशांखाली नीट धरतच नाही, वाळल्यावर खडूसारखा पांढरा दिसतो आणि हाताने जोड सुटतो. लाकूडही गार असतं हे लोक विसरतात, ग्लूची बाटली खिशात गरम ठेवतात आणि उणे आठमधल्या फळीला लावतात. फळ्या आदल्या रात्री घरात आणा. इपॉक्सीला तर दर 10 अंश उतरले की साधारण दुप्पट वेळ लागतो. 'पटकन होईल ना?' विचारणाऱ्याला माझं एकच उत्तर आहे, थंडीत पटकन काही होत नाही, तारीख जवळ असेल तर काम लहान करा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

निळी ताडपत्री घेऊ नका. आत सगळं निळं दिसतं, आम्ही भगव्याची छटा जुळवली आणि हॉलमध्ये नेल्यावर ती वेगळीच निघाली. ग्रीनहाउसचं पांढरट, 6 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं प्लास्टिक घ्या, डिसेंबरात पावणेपाचलाच सूर्य मावळतो, असेल तेवढा उजेड आत यायला हवा.

खुंट्या जमीन गोठायच्या आधी मारा, डिसेंबरच्या शेवटी हातोडा आपटून मनगट दुखेल पण खुंटी इंचभर जाणार नाही. उशीर झालाच तर प्रत्येक पायावर वाळूच्या गोण्या. पाण्याच्या बादल्या नकोत, पाणी गोठून फुगतं आणि बादली फुटते.

दार वाऱ्याच्या तोंडाला नको. आमच्याकडे हिवाळी वारा जास्त करून वायव्येकडून येतो, म्हणून दार आग्नेयेला.

मातीवर किंवा नुसत्या काँक्रीटवर उभं राहून काम करू नका. खाली पॅलेट, त्यावर दोन इंची फोम, त्यावर प्लायवूड. तासाभरात फरक कळतो.

विजेचा 1500 वॉटचा हीटर इथल्या 120 व्होल्टवर साडेबारा अँपिअर खातो आणि सर्किट 15 चं, त्याच वायरीवर टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची करवत, लावला की ब्रेकर पडणारच. एक्स्टेन्शन कॉर्ड बाहेरच्या वापराची, जाड.

ड्रिलच्या बॅटऱ्या शून्याखाली चार्ज करू नका, कायमच्या खराब होतात. मी दोन खिशात ठेवतो आणि दोन घरात चार्जिंगला.

बांधण्याआधी म्युनिसिपालिटीचे नियम बघा आणि शेजाऱ्याला सांगा.

आणि मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला की जमीन भुसभुशीत होते, डिसेंबरात दगडासारख्या घट्ट बसलेल्या खुंट्या हाताने उपसून येतात. शिवजयंती झाली की पुढच्याच रविवारी मी तंबू उतरवतो, पट्ट्यांवर नंबर लिहितो, प्लास्टिक सुकवून गुंडाळतो.