हरभरा घाट्यावर आला, झटका मशीनचा सायरन तपासा

तुरीच्या शेंगा भरल्या, हरभरा घाट्यावर आला की विदर्भात रानडुकरं आणि रोही (नीलगाई) शेताकडे वळतात. जागलीतून सुटका म्हणून अनेकांनी शेताभोवतीच्या तारेत विजेचा झटका सोडणारं, सायरनवालं झटका मशीन बसवलं आहे. पण रात्रीतून तीनदा उगीच वाजलं की आपण वैतागून सायरन बंद करतो, आणि कळप नेमका त्यानंतर शिरतो. म्हणून आधी ते उगीच का वाजतं, ते शोधा.

मशीनला डुक्कर ओळखता येत नाही. तारेतला विजेचा दाब (व्होल्टेज) घसरला, एवढंच त्याला कळतं. तार कोणी कापली तरी वाजणार, धुऱ्यावरचं गवत टेकलं तरी वाजणार. दव पडलं की ओल्या गवतातून आणि धूळ बसलेल्या इन्सुलेटरवरून करंट जमिनीत उतरतो. पहाटेचे खोटे इशारे बहुतेक यातलेच. तारेखालचा हातभर पट्टा दर पंधरवड्याला साफ करा, तडकलेले इन्सुलेटर बदला.

मग तारेतला दाब मोजणारा टेस्टर लावा, तोही मशीनपासून सगळ्यात लांबच्या टोकाला. तिथं 5 हजार व्होल्टच्या आसपास दाब हवा. 3 हजारांच्या खाली राठ केसांचं डुक्कर जुमानत नाही.

गवत काढूनही दाब कमीच असेल, तर अर्थिंगकडे बघा. काळी जमीन वाळली की भेगाळते, जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या सळईभोवतीची माती सुटते. झटका जनावराच्या पायातून जमिनीत जाऊन अर्थिंगवाटे मशीनकडे परततो. ती वाटच तुटली तर तार नुसती शोभेची. किमान तीन सळया ओलीच्या जागी खोल ठोका, थंडी सरताना अधूनमधून पाणी घाला.

खालची तार जमिनीपासून 6 ते 8 इंचांवर ठेवा. डुक्कर नाकानं उकरत येतं, झटका नाकालाच बसायला हवा. रोह्यासाठी वरची तार 5 फुटांवर.

हालचाल टिपणारा सेन्सर जोडीला चालेल, पण तो कुत्र्यालाही वाजतो. नुसत्या आवाजाला डुकरं लवकरच सरावतात.

घरची 230 व्होल्टची लाइन तारेला कधीही जोडू नका. मशीनचा झटका सेकंदाला एक आणि क्षणभराचा असतो, मधल्या वेळात हात सुटतो. घरच्या लाइनीत तो सुटत नाही. माणसं मरतात, गुन्हाही दाखल होतो. पांदणीच्या बाजूला धोक्याची पाटी आजच लावा.