प्राध्यापक आंबेडकरांचा जीवनपट कसा लिहावा

एप्रिल जवळ आला की मराठवाड्यातील महाविद्यालयांत स्मरणिका आणि भित्तिपत्रके यांसाठी बाबासाहेबांवरचे लेख मागवले जातात. आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात ते तपासण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. बहुतेक लेखांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक आंबेडकर दोन ओळींत आटोपतात आणि लगेच महाडचे चवदार तळे येते. ही उडी टाळायची असेल, तर लिहायला बसण्यापूर्वी थोडी तयारी करावी.

एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखावेत. एकात अध्यापन व अभ्यास, दुसऱ्यात सार्वजनिक कार्य. पहिल्यात नोव्हेंबर १९१८ समोर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील नेमणूक आणि मार्च १९२० समोर त्या नोकरीचा शेवट लिहावा. दुसऱ्यात जानेवारी १९१९ ची मताधिकाराविषयीच्या साउथबरो समितीपुढील साक्ष, ३१ जानेवारी १९२० चा ‘मूकनायक’ या त्यांच्या पाक्षिकाचा पहिला अंक आणि त्याच वर्षीच्या मार्चमधील अस्पृश्यांची माणगाव परिषद नोंदवावी. रकाने शेजारी ठेवले की ‘प्राध्यापकी सोडून त्यांनी राजकारणात उडी घेतली’ हे विद्यार्थ्यांचे आवडते वाक्य आपोआप गळून पडते, कारण साक्ष आणि अंक हे दोन्ही नोकरीत असतानाचे आहेत. ‘मूकनायक’वर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते; सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापकाला स्वतःचे नाव तिथे घालणे अवघड होते. लेखात या मुद्द्यावर थोडे थांबून लिहावे. शिवाय नोकरी सोडल्यावर ते निवडणुकीला उभे राहिले नाहीत, अपुरा अभ्यास पुरा करायला लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

त्यानंतर एकच आर्थिक प्रश्न निवडून तो वर्गातून सभागृहापर्यंत कसा गेला ते पाहावे. माझी शिफारस तुकड्यांच्या शेतीची. आपल्या भागातील जवळजवळ प्रत्येक घराला सातबाऱ्यावरची वाटणी माहीत असते, त्यामुळे हा विषय समजावून सांगावा लागत नाही. त्यांचा १९१८ चा लहान धारण क्षेत्रांवरील निबंध महाराष्ट्र शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’ मालेच्या पहिल्या खंडात आहे. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही, त्यावर राबणारे हात, अवजारे आणि भांडवल यांच्या प्रमाणावर ठरते, असा त्यातील युक्तिवाद आहे. तो उदाहरणाने मांडावा. दोन भावांना तीन-तीन एकर वाटणीला आले. एकाकडे विहीर आणि बैलजोडी, दुसऱ्याकडे फक्त घरातली पाच माणसे. सातबाऱ्यावर दोघे सारखेच, पण या निबंधाच्या हिशेबाने त्यांची शेते सारखी नाहीत. जमिनीवरचा जास्तीचा भार उद्योगांनी उचलावा, हा त्यांचा निष्कर्ष त्यातूनच निघतो.

आता त्याच मालेचा दुसरा खंड उघडावा. १० ऑक्टोबर १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात लहान शेतकऱ्यांविषयीच्या विधेयकाला विरोध करताना आमदार आंबेडकर हाच धागा पुढे नेतात आणि मालकी न मोडता सहकारी पद्धतीने शेती करण्याचा मार्ग सुचवतात. दोन्ही मजकूर लागोपाठ वाचले की नऊ वर्षांनी तोच प्राध्यापक बोलत असल्याचे कळते, फक्त समोर विद्यार्थी नाहीत.

मराठवाड्याचा संदर्भ देताना घाई करू नये. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे मुंबई विधिमंडळातील ही चर्चा इकडे लागू नव्हती. १९३७ चे खोती (खोतांकडील जमीनपद्धत) रद्द करण्याचे विधेयकही कोकणच्या प्रश्नाचे होते, ते आपल्या गावच्या पाटीलकीला जोडू नये. मक्रणपूरची १९३८ ची दलितांची परिषद आणि बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेले १९५० चे महाविद्यालय यांना स्वतंत्र परिच्छेद द्यावा.

आणखी एक ठिकाण जपावे. ‘रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली’ असे सर्रास लिहिले जाते. त्यांनी १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. बँकेचा कायदा १९३४ चा, कामकाज १ एप्रिल १९३५ पासूनचे. एवढे नेमके लिहिले तरी त्यांचे मोठेपण तसूभर कमी होत नाही, उलट परीक्षकाचा विश्वास बसतो.

लेख १९५६ पर्यंत आणलाच पाहिजे असेही नाही. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने तो ऑक्टोबर १९२७ च्या त्या भाषणावरच थांबवला. वार्षिकांकात मी तो पहिल्या पानावर घेतला.